पालमोर आणि त्याची भावंडं

माणसाच्या धडावर हत्तीचं डोकं, एक दात मोडलेला, पोट सुटलेलं, आणि एवढ्या मोठ्या देहाला वाहन कुठलं, तर उंदीर! हे वर्णन एखाद्या परक्या माणसाला नुसतं शब्दांत सांगितलं, तर तो म्हणेल, काय विचित्र कल्पना आहे! पण आपल्याला गणपतीकडे बघून हा शब्द कधी तरी सुचलाय का? उलट आपण मूर्तिकाराच्या मंडपात तासन् तास उभ्या राहून डोळे बोलके आहेत का, सोंडेचा बाक नीट आलाय का, हे बघत असतो. दोन वेगळ्या जातींचे अवयव एकत्र आणायचे आणि त्यातून डोळ्यांना गोड वाटेल असं एकसंध रूप घडवायचं, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती एक अवघड कला आहे हेच लक्षात येत नाही.

ही कला मी घरच्या घरी, माझ्यापुरती जोपासते. गेली चोवीस वर्षं, वर्षाला एक याप्रमाणे मी जोडप्राण्यांची चित्रं काढते. प्रदर्शनासाठी नाही, विकायला तर नाहीच. लेकीच्या वाढदिवसासाठी. त्या वर्षी ती कशात रमली, कशाला घाबरली, कशावर चिडली, हे सगळं मनात साठवायचं आणि त्यातून एक प्राणी जुळवायचा. असे चोवीस प्राणी आता एका फाइलमध्ये राहतात.

सुरुवात झाली ती पालीमुळे. लेक तिसऱ्या वर्षात होती. पावसाळ्याचे दिवस, बाथरूमच्या भिंतीवर एक धष्टपुष्ट पाल मुक्कामाला आलेली. आमच्या बाईसाहेब आत पाऊल टाकायला तयार नाहीत. समजावून झालं, रागावून झालं. शेवटी वाढदिवसाच्या आदल्या रात्री मी एक पाल काढली आणि तिच्या शेपटीच्या जागी मोराचा पिसारा लावला. पालीचा अंगचा करडा रंग मानेपासून हळूहळू निळा होत गेला आणि पिसाऱ्यात हिरवा-सोनेरी झाला. सकाळी लेकीने चित्र बराच वेळ निरखलं आणि नाव ठेवलं, 'पालमोर'. दुसऱ्या दिवशी बघते तर बाथरूमच्या दारावर टकटक करून ही विचारतेय, "पालमोर, मी आत येऊ का?"

भीती गेली असं नाही म्हणणार मी. पण भीतीशी बोलणं सुरू झालं, हे मात्र खरं.

मग दर वर्षी एक प्राणी, हा आमच्या घरचा रिवाजच झाला. त्यात माझी खरी गुरू कोण असेल, तर माझ्या सासूबाई. कराडजवळच्या शेतकरी घरातल्या. बेंदराला मातीचे बैल स्वतः करायच्या. चित्रकलेची परीक्षा वगैरे काही नाही, पण जनावर म्हणजे काय हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. एका वर्षी मी हत्तीच्या अंगाला हरणाचे पाय जोडत होते. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आगं, येवढं आंग आन् पाय काटकुळ्यावानी? दोन दिसात मोडत्याल की! जनावर आदी हुबं ऱ्हायला पायजे, मग त्याला पंख लाव नाय तर शिंगं लाव."

या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं बघा. जोडप्राणी काढणं म्हणजे कात्रणं चिकटवणं नव्हे. त्याचं वजन कुठे पडतं, तो चालतो कसा, खातो काय, याचा आधी विचार करावा लागतो. मांस खाणारा असेल तर जबडा वेगळा, गवत खाणारा असेल तर मान खाली पोचली पाहिजे. कुत्र्याच्या किंवा घोड्याच्या मागच्या पायाकडे नीट पाहा. आपल्याला वाटतं त्याचा गुडघा उलटा वाकलाय. प्रत्यक्षात ती त्याची टाच असते, हे प्राणी बोटांवर चालतात. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. हे एकदा कळलं की कुठल्याही प्राण्याचा पाय कुठल्याही प्राण्याला विश्वासाने जोडता येतो.

पंखांचं तर आणखी गंमतशीर. पक्ष्याचे पंख म्हणजे त्याचे हातच. पाठीचा कणा असलेल्या जमिनीवरच्या प्राण्यांना अवयव चार. पंखांचा घोडा काढला की ते होतात सहा. मग ते जास्तीचे दोन रुजवायचे कुठे? खांद्याच्या हाडाशी, पुढच्या पायांच्या जरा मागे, तिथे स्नायूंचा फुगवटा दाखवून. तसं केलं की डोळा फसतो. नुसतेच पाठीवर चिकटवले तर घोडा शाळेच्या स्नेहसंमेलनातला वाटतो!

लिओनार्दो दा विंचीने आपल्या वह्यांमध्ये नेमकं हेच लिहून ठेवलंय. काल्पनिक प्राणी खरा वाटायला हवा असेल, तर त्याचा प्रत्येक अवयव कुठल्या ना कुठल्या खऱ्या प्राण्याचा हवा, असं त्याचं म्हणणं. डोकं शिकारी कुत्र्याचं घ्या, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, भुवया सिंहाच्या, मान कासवाची... म्हणजे कल्पनेची भरारी घ्यायची तर आधी निरीक्षणाची शिदोरी हवी. आमच्या सासूबाई आणि लिओनार्दो यांचं चांगलं जमलं असतं!

आपल्याकडच्या शिल्पकारांनाही हे पक्कं माहीत होतं. देवळांवर दिसणारा व्याल आठवा. अंग सिंहाचं आणि डोकं बदलतं. हत्तीचं असेल तर गजव्याल, घोड्याचं असेल तर अश्वव्याल, माणसाचं असेल तर नरव्याल. गंगेचं वाहन असलेला मकर म्हणजे मगर, हत्तीची सोंड आणि माशाची शेपटी यांचा मिलाफ. जंजिऱ्याला गेलात तर मुख्य दरवाजापाशी थांबून बघा. वाघासारखं दिसणारं एक जनावर तिथे कोरलंय आणि त्याने पंजांत, तोंडात, शेपटीत मिळून सहा हत्ती पकडलेत! अशा शिल्पांना जाणकार शरभ म्हणतात. आपल्या कितीतरी किल्ल्यांच्या दारांवर ते आहेत. आपण मात्र सेल्फी काढून पुढे जातो.

पण या सगळ्यांत माझा सर्वांत लाडका आहे तो ओडिशाचा नवगुंजर. पंधराव्या शतकात सारळा दासांनी ओडिया भाषेत महाभारत लिहिलं, त्यात याची गोष्ट आहे. अर्जुन डोंगरात तप करत असतो आणि समोर एक अजब प्राणी येऊन उभा राहतो. कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, शेपटीच्या जागी साप. तीन पाय तीन वेगवेगळ्या जनावरांचे. अर्जुन धनुष्य उचलतो. आयुष्यात कधी न पाहिलेलं काही समोर आलं की माणूस हेच करतो, नाही का? आणि मग त्याचं लक्ष चौथ्या पायाकडे जातं. तो पाय नसतोच. तो माणसाचा हात असतो आणि त्यात कमळ असतं. अर्जुनाला कळतं, हा तर कृष्ण! तो धनुष्य खाली ठेवून हात जोडतो. ओडिशातले चित्रकार आजही पटचित्रांत हा प्रसंग रंगवतात, तिथल्या गंजिफाच्या पत्त्यांवरही तो येतो.

ही गोष्ट मला फार जवळची वाटते, त्याला एक कारण आहे.

लेक आठ-नऊ वर्षांची असताना बोलताना अडखळायला लागली. पहिलं अक्षर जिभेवर अडकून बसायचं. वर्गातली मुलं 'मालगाडी' म्हणायची. शाळेतल्या एका बाईंनी तर तिला उभं करून धडा वाचायला सांगणंच बंद केलं. बहुधा तिची सुटका करावी या हेतूने असेल, पण लेकीने त्याचा अर्थ वेगळा घेतला. 'मी वाचूच नये असं त्यांना वाटतं,' असं ती एका रात्री मला म्हणाली. तेही एवढं वाक्य पुरं व्हायला किती वेळ लागला, ते मी कधी विसरणार नाही.

त्या वर्षी मी कासव काढलं आणि त्याला कोकिळाचं डोकं आणि गळा दिला. बाहेर यायला त्याला वेळ लागतो. मान हळूहळू सरकते, मध्येच थांबते, आत जाते. पण एकदा बाहेर आलं की गातं! खूप मेहनत घेतली होती मी त्या मानेवर. कासवाच्या कातडीच्या सुरकुत्यांतून काळी पिसं कशी उगवतील, लाल डोळा किती लहान ठेवायचा... आठ दिवस जागले. नाव अर्थातच लेकीने ठेवलं, 'कोकासव'.

चित्र काढलं आणि अडखळणं थांबलं, असं अजिबात झालं नाही. असं कधी होत नसतं, आणि कुणी सांगितलं तर विश्वासही ठेवू नये. दोन वर्षं आम्ही स्पीच थेरपिस्टकडे जात होतो. रोज घरी सराव, श्वासाचे व्यायाम. पण एक फरक पडला. तिला आपल्या त्रासाविषयी बोलायला शब्द मिळाला. थेरपिस्ट मॅडमना ती सांगायची, "आज माझं कासव बाहेर येत नाहीये." कधी म्हणायची, "आज अर्धी मान आली." तोपर्यंत तो तिचा दोष होता, आता तो तिचा एक प्राणी झाला. आणि पाळलेल्या प्राण्याला आपण मारत नाही, सांभाळून घेतो. घरातल्या आम्हा सगळ्यांनाही तिच्याकडे बघायची दृष्टी मिळाली. मुलगी थांबली की तिचं वाक्य पुरं करायची आमची घाई बंद झाली. आता कासव बाहेर येतंय, वाट बघायची.

तेराव्या वर्षी तिच्या खोलीचं दार बंद व्हायला लागलं. त्या वर्षी मी खवल्या मांजर घेतलं. कोकणात जंगलाजवळ राहणाऱ्यांना हा प्राणी माहीत असेल. त्याचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे बनलेले असतात आणि धोका वाटला की तो अंगाचा चेंडू करतो. माझ्या खवल्याला मी सशाचे लांब कान दिले आणि ते चेंडूच्या बाहेर ठेवले. चित्र बघून ती पहिल्यांदाच काही बोलली नाही. पण रात्री दार अर्धं उघडं होतं.

आपल्या मनातली भीती, आजार, वेदना यांना प्राण्याचं रूप देणारी मी काही एकटी नाही. मेक्सिकोत पेद्रो लिनारेस नावाचा एक कारागीर होऊन गेला (१९०६-१९९२). कागदाच्या लगद्याचे पुतळे आणि मुखवटे करून पोट भरणारा. १९३६ च्या सुमारास, तिशीत असताना तो खूप आजारी पडला. तापात त्याला स्वप्न पडलं. एका रानात फुलपाखराच्या पंखांचं गाढव, बैलाच्या शिंगांचा कोंबडा, असे प्राणी फिरताहेत आणि सगळे एकच शब्द ओरडताहेत, 'आलेब्रिहे! आलेब्रिहे!' बरा झाल्यावर त्याने ते प्राणी कागदाच्या लगद्यातून घडवायला घेतले. त्या शब्दाला काही अर्थ नव्हता. आज तो एका कलाप्रकाराचं नाव आहे! १९९० मध्ये लिनारेसला तिथला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याचे वंशज अजून हे काम करतात आणि मेक्सिको शहरातलं लोककला संग्रहालय २००७ पासून अशा महाकाय प्राण्यांची मिरवणूक काढतं. मुलांबरोबर तुम्ही २०१७ चा 'कोको' हा सिनेमा पाहिला असेल, तर त्यातली पंखांची रंगीबेरंगी पेपिता आठवेल. ती याच कुळातली.

याच मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातल्या खेड्यांत हे प्राणी कोपाल नावाच्या मऊ लाकडातून कोरतात. तिथे बहुतेक घरांत कामाची वाटणी ठरलेली. पुरुष कोरतात, बायका रंगवतात. आणि हे रंगवणं म्हणजे नुसता हात फिरवणं नव्हे. बारीक ठिपके, जाळ्या, खवले, कधी कधी एका प्राण्यावर आठवडेच्या आठवडे. गिऱ्हाईक भुलतं ते या रंगकामावरच. पण अनेक प्राण्यांच्या पोटाखाली सही मात्र फक्त कोरणाऱ्याची! हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. परदेशातली गोष्ट, पण किती ओळखीची! अर्थात तिथेही बदल होतोय. सान मार्तीन तिल्काहेते गावातले हाकोबो आणि मारिया आंहेलेस हे जोडपं दोघांच्या नावाने काम करतं आणि जगभर ओळखलं जातं.

त्यावरून आठवला आपला नारीकुंजर. जुन्या चित्रांत नक्की पाहिला असेल तुम्ही. लांबून दिसतो हत्ती. जवळ गेलं की कळतं, हत्ती कुठला, या तर नऊ बायका! कुणी वाकून पाय झाली आहे, कुणी आडवी होऊन पाठ, कुणाच्या हाताची सोंड झाली आहे. एकमेकींत अशा गुंफलेल्या, की एकीने अंग काढून घेतलं तर अख्खा हत्ती कोसळेल. वर कृष्ण आरामात बसलेला असतो. भक्तीच्या अंगाने या चित्राचे सुंदर अर्थ सांगतात आणि ते मला मान्यच आहेत. पण घर चालवणाऱ्या बाईला ते चित्र बघून आणखीही काही सुचतं, हेही तितकंच खरं! माहेरचा गळा, सासरचे पाय, ऑफिसचं डोकं आणि आईचे आठ हात. आपल्याइतका जोडप्राणी दुसरा कोण आहे हो?

हे सगळं मी हौसेने सांगायला लागले की एक प्रश्न हमखास येतो, "पण याचा उपयोग काय?" पूर्वी मी गप्प बसायचे. आता सुकुमार राय यांचं नाव सांगते. सत्यजित राय यांचे वडील. बदक आणि साळिंदर जोडून त्यांनी 'हाँसजारू' केला, बगळा आणि कासव जोडून 'बकच्छप', हत्ती आणि देवमासा जोडून 'हातिमी', आणि त्यांची चित्रंही स्वतःच काढली. १९२३ मध्ये 'आबोल ताबोल' हे त्यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं, पण ते बघायला ते राहिले नाहीत, थोड्याच दिवसांपूर्वी काळा आजाराने गेले होते. वय अवघं पस्तीस. शेवटची दोन-अडीच वर्षं आजारपणातच गेली, तरी त्यांचं काम थांबलं नव्हतं. त्यांना कुणी उपयोग विचारला असेल का? शंभर वर्षांनंतरही बंगाली घरातलं पोर हाँसजारूला ओळखतं, हे उत्तर पुरेसं आहे.

आता एक नवा प्रश्न आलाय. माझ्या भाच्याने मोबाइलवर दोन शब्द टाकले आणि क्षणात चार पालमोर काढून दाखवले. पिसारे माझ्याहून सुरेख! म्हणाला, "मावशी, कशाला आठ-आठ दिवस डोळे फोडतेस?" मी ते चारही पालमोर नीट बघितले. छान होते. पण त्यांतल्या एकाही पालीला आमच्या बाथरूमची भिंत माहीत नव्हती. चित्र काढायला मला आठ दिवस लागतात हे खरं, पण त्याआधी वर्षभर मी मुलीकडे बघत असते. ती काय बोलत नाही, तेही ऐकत असते. ते बघणं हीच तर खरी भेट आहे, कागद नंतर येतो.

मैत्रिणींनो, तुम्हालाही करून बघायचं असेल, तर चित्रकला यायलाच हवी असं नाही. जाडसर कार्ट्रिज पेपर, पेन्सिल, पाण्याने न पसरणारी काळी शाई आणि मुलांचे जलरंग एवढं पुरे. दोनच प्राणी निवडा, पहिल्याच झटक्यात नऊ नकोत, नवगुंजर पुढे कधी तरी. एक प्राणी ओळखीचा असू द्या, रोज दिसणारा. गल्लीतला कुत्रा, गॅलरीतलं कबूतर, काहीही. आधी दोघांना वेगवेगळं काढून बघा. मग सांधा कुठे येणार ते ठरवा आणि तिथे रंग एकदम बदलू नका, हळूहळू मिसळा. डोळे सर्वांत शेवटी काढा आणि ते मात्र एकाच प्राण्याचे असू द्या. नाव मुलांना ठेवू द्या. मागे तारीख घाला. आणि हो, पुढे सही करा. अगदी ठळक.

लेक आता सव्वीस वर्षांची आहे, हैदराबादला नोकरी करते. मीटिंगमध्ये अजूनही एखादा शब्द अडतो. अडला तर ती थांबते आणि मग बोलते. सासूबाईंना जाऊन आठ वर्षं झाली. पुढच्या महिन्यात सत्ताविसावा वाढदिवस. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "आई, यंदा माझा प्राणी नको. तुझा काढ."

गेले दहा दिवस कागद टेबलावर पिनांनी लावून ठेवलाय. पाय बैलाचे घेतलेत, बेंदराच्या बैलाचे, भक्कम. ते उभे राहिलेत. पाठीवर साळिंदराचे काटे द्यावेत असं वाटतंय, निदान थोडे तरी. पंखांची जागा खांद्यापाशी पेन्सिलने पुसट आखून ठेवली आहे. तोंड कुणाचं द्यावं, ते अजून ठरत नाहीये.